घरातले खेळ आणि घरातली कला : सातारा-सांगलीच्या सुट्टीचा एक आढावा

शनिवार-रविवारी घरातल्या सर्वांनी मिळून काय खेळावे आणि काय करावे, हा प्रश्न सातारा-सांगलीच्या घरांत तसा अलीकडचा आहे. आठवड्याच्या सुट्टीला स्वतःचा इतिहास आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखालील चळवळीमुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली, आणि पुढे कचेऱ्या, शाळा व कारखाने यांच्या वाटेने ती सर्वत्र रुळली. परंतु ही सुट्टी मुळात घड्याळावर चालणाऱ्या कामाची होती. कृष्णा-कोयनेच्या काठावरील शेतकरी घरात आठवडा मोजला जाई तो बाजाराच्या दिवसावरून, आणि खेळायची सवड मिळे ती सणांनी व पिकांनी दिलेली असे. आषाढात बेंदूर, श्रावणात पंचमी आणि मंगळागौर, भाद्रपदात गौरी, आश्विनात हादगा, दिवाळीत अंगणातला किल्ला आणि वैशाखाच्या उन्हात ओसरीवर मांडलेला काचाकवड्यांचा पट, असे या भागातील घरगुती खेळांचे वर्ष होते. कोणता खेळ कधी खेळायचा हे ठरवावे लागत नसे, साहित्य दारातच मिळे, आणि खेळणाऱ्यांत आजीपासून नातवंडापर्यंत सगळे असत. आठवडाअखेरच्या सुट्टीने सवड नियमित केली, पण खेळ निवडण्याची जबाबदारी घरावर टाकली; आणि ही निवड बहुतेक घरांत आज फोनवर सोपवली जाते. म्हणून या दोन जिल्ह्यांच्या परंपरेत घरात खेळण्यासारखे आणि करण्यासारखे नेमके काय आहे, त्यातले काय दोन दिवसांच्या सुट्टीत बसते आणि काय बसत नाही, याचा आढावा घेणे उपयोगाचे ठरेल.

या आढाव्यासाठी एक वर्गीकरण हाताशी घेता येते. फ्रेंच विचारवंत रोजे कायवा यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात माणसाच्या खेळांच्या चार प्रेरणा सांगितल्या आहेत : पहिली स्पर्धा, म्हणजे बुद्धीने किंवा बळाने प्रतिपक्षावर मात करणे, दुसरी दैव, म्हणजे फाशाच्या किंवा पत्त्याच्या हाती स्वतःला सोपवणे, तिसरी सोंग, म्हणजे काही काळ दुसरे कोणी तरी होणे, आणि चौथी भोवळ, म्हणजे गरगर फिरून, झोक्यावर चढून क्षणभर तोल हरवण्याचा आनंद घेणे. बहुतेक खेळांत या प्रेरणांचे मिश्रण असते, आणि कायवा यांनाही ते मान्य आहे. तरी ही चौकट सातारा-सांगलीच्या घरांना लावून पाहिली की एक गोष्ट ठळकपणे दिसते : जुन्या वर्षक्रमात या चारही प्रेरणांना जागा होती, तर आजच्या सुट्टीत पहिल्या दोनच उरल्या आहेत, कारण स्पर्धा आणि दैव यांची सोय फोनच्या पडद्यावर होते, सोंग आणि भोवळ यांना मात्र समोर माणूस लागतो.

दैवाच्या खेळांत या भागातील सर्वांत घरगुती खेळ काचाकवड्यांचा. मोठ्या सारीपाटाचा हा धाकटा भाऊ म्हणावा लागेल. सारीपाटाचा पट कापडी, अधिक चिन्हाच्या आकाराचा, चार पट्ट्यांचा आणि प्रत्येक पट्टीत चोवीस घरांचा असतो, आणि त्यावर चार रंगांच्या सोळा सोंगट्या फाशांच्या किंवा कवड्यांच्या दानाप्रमाणे फिरतात. तो वाड्यांत, दरबारांत खेळला जाई आणि त्यावर पैजाही लागत. काचाकवड्यांना यांपैकी काहीच लागत नाही. खडूने किंवा कोळशाने फरशीवर पाच गुणिले पाच अशी पंचवीस घरे आखावयाची, चारही बाजूंच्या मधल्या घरांवर आणि अगदी मधल्या घरावर फुली मारावयाची, की पट तयार होतो. प्रत्येक खेळाडूने बांगड्यांचे तुकडे, खडे, मणी किंवा डाळीचे वेगवेगळे दाणे अशा चार सोंगट्या घ्यावयाच्या आणि आपल्या बाजूच्या फुलीच्या घरात ठेवावयाच्या. कवड्या चार, त्या नसल्यास चिंचोके मधोमध फोडून त्यांच्या चार फाकी घेतल्या तरी चालते, आणि खेड्यापाड्यांत तसेच करीत आले आहेत.

चार कवड्या टाकल्यावर जितक्या उताण्या पडतील तितके दान, चारही उताण्या पडल्या तर चार आणि चारही पालथ्या पडल्या तर आठ, असा हिशेब असतो. चार किंवा आठ पडल्यास पुन्हा टाकण्याचा हक्क मिळतो. सोंगटी प्रथम बाहेरच्या सोळा घरांच्या फेऱ्यातून जाते, मग उलट दिशेने आतल्या आठ घरांच्या फेऱ्यात शिरते आणि शेवटी मधल्या फुलीत पोहोचते. फुली नसलेल्या घरात प्रतिपक्षाची सोंगटी सापडली तर ती मारता येते, मारलेली सोंगटी परत आपल्या घरी जाते, आणि अनेक घरांत असा नियम आहे की एक तरी सोंगटी मारल्याखेरीज आतल्या फेऱ्यात शिरताच येत नाही. जत तालुक्यासारख्या कर्नाटकाला लागून असलेल्या पट्ट्यात हाच खेळ कानडी घरांत चौका-बारा या नावाने ओळखला जातो, आणि नियमांतील बारीक फरक गावागणिक, कित्येकदा घरागणिक बदलतात.

या खेळाचे गुण नीट पाहण्यासारखे आहेत. प्रत्येक कवडी उताणी किंवा पालथी पडण्याचा संभव सारखा धरला, तर चार कवड्यांच्या एकूण १६ शक्यतांपैकी ६ वेळा दोनचे दान पडेल, एकचे आणि तीनचे प्रत्येकी ४ वेळा, आणि चारचे व आठचे प्रत्येकी एकदाच. दहा-बारा वर्षांच्या मुलाला संभाव्यता, म्हणजे एखादी गोष्ट घडण्याच्या शक्यतेचे गणित, शिकविण्यास याहून सोपे साधन मिळणे अवघड आहे. आणि चिंचोक्याच्या फाकी घेतल्या की हे आकडे का हलतात हा पुढचा प्रश्न मूल आपणहून विचारते. परंतु कौटुंबिक खेळ म्हणून त्याचे खरे मोल दुसऱ्याच ठिकाणी आहे. दान दैवाचे असते, पण चारपैकी कोणती सोंगटी पुढे सरकवावयाची ही निवड खेळणाऱ्याची असते. त्यामुळे डोके चालविण्यास वाव मिळतो, तरीही सात वर्षांचे नातवंड सत्तरीच्या आजोबांना निखळपणे हरवू शकते, आणि आजोबांना मुद्दाम हरावे लागत नाही. मुलाला खोटा विजय लगेच कळतो. ज्या खेळात मोठ्यांना लहानांसाठी हरण्याचे नाटक करावे लागते, तो खेळ घरात फार दिवस टिकत नाही, असे जुन्या खेळांच्या टिकण्या-विरण्याकडे पाहिल्यास म्हणावे लागते.

याच कुळातील दोन खेळ परदेशी जाऊन परत आले. भारतीय पचीशीचे, म्हणजे कवड्यांवर खेळल्या जाणाऱ्या सारीपाटाचे, साधे रूप इंग्लंडमध्ये १८९६ साली ल्यूडो या नावाने नोंदविले गेले, आणि सापशिडीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिकडच्या बाजारात आली. महाराष्ट्रात सापशिडीचा जुना अवतार मोक्षपट या नावाने परिचित आहे. त्यात शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे आणि शेवटचे घर मोक्षाचे असते. त्याचे कर्तृत्व परंपरेने ज्ञानेश्वरांकडे दिले जाते, पण ते परंपरेचे श्रेय म्हणूनच घ्यावे. मोक्षपटात खेळणाऱ्याला निवड अशी नसते, म्हणून खेळ म्हणून तो काचाकवड्यांच्या तुलनेत उणा आहे. मात्र मोठ्या पुठ्ठ्यावर आपल्या घरापुरता नवा मोक्षपट तयार करणे, म्हणजे कोणत्या वागणुकीला शिडी द्यावयाची आणि कोणत्या वागणुकीला साप, यावर सगळ्यांनी बसून वाद घालणे आणि मग ते चितारणे, हा एका रविवारचा उत्तम उद्योग आहे, आणि त्यात मोठ्यांच्या सवयींनाही साप मिळतात.

पत्त्यांबद्दल फार लिहावयास नको. बदाम सात, झब्बू, मेंढीकोट, पाच-तीन-दोन, नॉट ॲट होम हे डाव घराघरांत ठाऊक आहेत, आणि राजा-राणी-चोर-शिपाई, नाव-गाव-फळ-फूल व गावांच्या भेंड्या यांना तर पत्तेही लागत नाहीत. सावंतवाडीच्या गंजिफांचा उल्लेख मात्र करावा लागतो, कारण त्यात खेळ आणि चित्रकला एकत्र येतात. दशावतारी गंजिफेच्या जोडात १२० गोल पत्ते असतात, दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा असे बारा. ही लोप पावत चाललेली कला सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा उभी केली. घरी गोल पुठ्ठे कापून आपल्या ओळखीच्या गोष्टींचे रंग ठरवून, जसे सांगलीची द्राक्षे, हळद, ऊस आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी असे चार रंग धरून, पत्ते रंगविले तर एका शनिवारी कला आणि रविवारी खेळ, अशी जोडणी साधते.

स्पर्धेच्या खेळांत सांगलीचे नाव बुद्धिबळाशी जोडलेले आहे. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारे या शहरात पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू घडविले, उन्हाळी सुट्टीत स्पर्धा भरवून देशभरातील खेळाडूंना सांगलीत आणले, आणि मुलींना पटापुढे बसविण्याचे काम त्या काळात केले की जेव्हा ते सहज मान्य होणारे नव्हते. या सांगलीच्या बुद्धिबळात जडणघडण झालेल्या भाग्यश्री साठे, पुढे ठिपसे, पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या ठरल्या आणि १९८७ साली पद्मश्रीच्या मानकरी झाल्या. तथापि ही परंपरा संस्थेची आहे, घराची नव्हे, हा फरक लक्षात ठेवला पाहिजे. बुद्धिबळात दैवाला जागा नाही. त्यामुळे घरातल्या दोघांची तयारी सारखी नसली की डाव एकतर्फी होतो, आणि उरलेले चौघे प्रेक्षक होतात. घरी तो खेळावयाचा तर जाणत्याने वजीर किंवा हत्ती पटावरून उतरवून खेळावे, किंवा जुन्या देशी पद्धतीने खेळावे, ज्यात प्याद्याला सुरुवातीलाही एकच घर पुढे जाता येते आणि प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची समजली जाते. कमजोर मोहऱ्याने मात करण्याचा हा आग्रह तरबेज खेळाडूलाही विचारात पाडतो.

आता भोवळ. या भागात पंचमीला झाडाला झोके बांधले जातात, लेकी माहेरी येतात, रात्री फेर धरले जातात. गौरीच्या जागरणात आणि मंगळागौरीला झिम्मा, पिंगा, कोंबडा आणि फुगडी रंगते. साधी फुगडी जवळून पाहिली तर तिच्यामागची शरीरविद्या कळते. दोघी समोरासमोर पावले जुळवून उभ्या राहतात, हात एकमेकींत तिढा घालून घट्ट धरतात, शरीर मागे टाकतात आणि पावलांच्या टाचा-चवड्यांवर गरगर फिरतात. एकीने हात सोडला तर दुसरी पडणार हे दोघींना ठाऊक असते, आणि वजनात फरक असेल तर जड बाजूने थोडे कमी रेलावयाचे हे शरीर आपोआप शिकते. बसफुगडीत उकिडवे बसून एकेक पाय पुढे टाकावा लागतो, आणि पाच मिनिटांत मांड्या भरून येतात. आई आणि मुलगा, आजी आणि नात, वडील आणि मुलगी अशा जोड्या घरात सहज होऊ शकतात. आजवर त्या झाल्या नाहीत याचे कारण एवढेच, की हे खेळ बायकांचे मानले गेले.

ही मर्यादा मान्य करूनच परंपरेकडे पाहिले पाहिजे. मंगळागौर नवविवाहितेची, हळदीकुंकू सवाष्णींचे, त्यामुळे विधवांना या खेळांच्या रिंगणाबाहेर बसावे लागे, आणि बहुतेक ठिकाणी रिंगण जातीच्या भिंतींतच धरले जाई. सांगलीला लागून असलेल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावाने २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा हा प्रश्न राज्यभर चर्चेला आला. सणाच्या दिवसावरून खेळ रविवारवर आला, तर तो विधीपासून मोकळा होतो आणि घरातली प्रत्येक बाई, शेजारची प्रत्येक मुलगी त्यात येऊ शकते. आठवडाअखेरच्या सुट्टीने परंपरेवर केलेला हा उपकार आहे, आणि तो स्पष्टपणे सांगितला पाहिजे. सांगली जिल्ह्यातील बागणी या गावी १९२० साली जन्मलेल्या सरोजिनी बाबर यांनी बायकांची गाणी, खेळ आणि रीतीभाती गोळा करून महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या द्वारे ग्रंथरूपात आणल्या, त्यामुळे ज्या घरांत आता जाणत्या बायका उरल्या नाहीत त्यांनाही हे धन मिळू शकते.

पुण्याकडे ज्याला भोंडला म्हणतात तो या भागात हादगा. सूर्य हस्त नक्षत्रात आला की पाटावर हत्ती काढून किंवा भिंतीवर हत्तीचे चित्र लावून त्याभोवती सोळा दिवस मुली फेर धरतात, पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन अशी गाणी वाढत जातात, आणि शेवटी झाकून आणलेली खिरापत ओळखण्याचा खेळ होतो. खिरापत ओळखणे हा सर्व वयांना पुरणारा खेळ आहे : गोड की तिखट, वाफवलेले की तळलेले, अशी प्रश्नांची वाट काढीत उत्तरापर्यंत जावे लागते, आणि दर वेळी नवे काही तरी करून ते शेवटपर्यंत लपविण्याचे कसब स्वयंपाक करणाऱ्याला दाखवावे लागते. सणाची वाट न पाहता कोणत्याही रविवारी तो खेळता येईल. फक्त त्या दिवशी खिरापत बायकांनीच करावी असा नियम मोडावा.

सोंगाचा इतिहास तर सांगलीच्या पायाशीच आहे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने तेथे ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, आणि तो दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. भावे हे हाताचे कसबी होते. त्यांनी कळसूत्री बाहुल्या, म्हणजे दोऱ्यांनी हलणाऱ्या लाकडी बाहुल्या, घडविल्या होत्या आणि त्या बाहुल्यांना पुढे शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी पुन्हा खेळते केले. ज्या शहरात नाटकाची अशी परंपरा आहे तेथे घरातल्या घरात बाहुलीनाट्य करणे अवघड नाही. जुना पायमोजा हातात घालून त्याला गुंड्यांचे डोळे शिवले की पात्र तयार होते, दाराच्या चौकटीत आडवी बांधलेली साडी हा पडदा होतो आणि विजेरीच्या प्रकाशात प्रयोग करता येतो. गोष्ट मुलांनी रचावी. मोठ्यांनी बाहुलीच्या मागे बसावे. भातुकली आणि बाहुला-बाहुलीचे लग्न हेही याच प्रेरणेचे खेळ आहेत, आणि त्यांतला जुना आग्रह, की चुलीपाशी मुलगी आणि बाजारातून येणारा मुलगा, आता सोडून द्यावा.

हस्तकलेकडे वळताना प्रथम किल्ला. सातारा जिल्ह्याच्या मुलाला किल्ला चित्रात पाहावा लागत नाही. साताऱ्याच्या डोक्यावर अजिंक्यतारा आहे, जवळच सज्जनगड, आणि जावळीच्या डोंगरात प्रतापगड, जो २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. दिवाळीचा किल्ला हे खरे तर कुटुंबाचे बांधकाम आहे. अंगणाच्या किंवा गच्चीच्या कोपऱ्यात विटा आणि दगड रचून उंची घ्यावयाची, त्यावर ओले पोते पसरावयाचे, माती चाळून, भिजवून, चिकण करून ती पोत्यावर थापावयाची. मग तट, बुरूज, दरवाजा, पायऱ्या, पाण्याचे टाके आणि सर्वांत वर बालेकिल्ला. आळीव किंवा मोहरी पेरली की तीन-चार दिवसांत डोंगराला हिरवळ येते, म्हणून पेरणी वसुबारसेच्या आसपास उरकावी लागते. कुंभाराकडून आणलेले मावळे बुरुजांवर उभे राहतात. घरातील मोठ्यांनी एक पथ्य पाळावे : मूल ज्या किल्ल्याची प्रतिकृती करते आहे त्याचा नकाशा त्याने आधी कागदावर काढावा, माची म्हणजे बालेकिल्ल्याखालचा सपाट टप्पा, चोरवाट म्हणजे संकटात निसटण्याची गुप्त वाट, हे शब्द त्याला जागेवर दाखवावेत, आणि शक्य असल्यास दिवाळीआधीच्या एका रविवारी तो किल्ला चढून पाहावा. शहरी सदनिकेत माती वर्ज्य असेल तर पुठ्ठ्याचे खोके आणि कागदाचा लगदा यांवर भागवता येते, पण मातीची गोष्ट त्यात येत नाही.

माती या भागात वर्षातून अनेकदा घरात येते. बेंदराला मातीच्या बैलांची पूजा होते, पंचमीला मातीचा नाग होतो, भाद्रपदात गणपती होतो. बैल कुंभाराकडून आणण्याऐवजी घरी करून पाहावेत. पहिल्या बैलाचे पाय वाकतात, कारण माती फार ओली असते. दुसऱ्याची मान तडकते, कारण ती फार कोरडी असते. तिसऱ्याला खांदा येतो. हाताला ही शिकवण मिळावयास दोन तास लागतात, आणि सुट्टीचे दोन तास त्याहून चांगल्या ठिकाणी खर्च होतील असे वाटत नाही.

सांगलीची आणखी एक देणगी म्हणजे हळद. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी बांधलेल्या मालाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, लाभले. या हळदीतून मुलांसाठी जादूचा कागद करता येतो. वाटीभर पाण्यात दोन चमचे हळद कालवून ती कोऱ्या जाड कागदावर कापसाने पसरावी, कागद सावलीत वाळवावा, आणि मग खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून त्यात बुडविलेल्या कुंचल्याने चित्र काढावे. पिवळ्या कागदावर तांबूस रेषा उमटतात. धुण्याच्या सोड्याने त्या अधिक गडद होतात, परंतु तो मोठ्यांनीच हाताळावा. वर लिंबाचे दोन थेंब टाकले की रेषा पुन्हा पिवळ्या होतात. हळदीतील रंगद्रव्य अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या, पदार्थाला भेटले की लाल होते, आणि हळदीपासून कुंकू करण्याच्या जुन्या कृतीतही हाच गुण कामी येतो.

रांगोळीबद्दल एवढेच सांगावयास हवे की ठिपक्यांची रांगोळी हे भूमितीचे काम आहे आणि चैत्रांगण हे चित्रलिपीचे. चैत्रांगणात गाय, तुळस, शंख, पाळणा, सूर्य, चंद्र अशी घराची सगळी चिन्हे एका चौकटीत येतात, आणि आपल्या आजच्या घराची चिन्हे घालून नवे चैत्रांगण काढता येते. चित्र पाहण्याची सवय लागावी यासाठी या दोन जिल्ह्यांत जाण्यासारखी ठिकाणेही आहेत. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ साली औंधच्या टेकडीवर उभारलेल्या श्रीभवानी वस्तुसंग्रहालयात राजा रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत संग्रह आहे. वाईजवळ मेणवलीच्या नाना फडणविसांच्या वाड्यात जुनी भित्तिचित्रे आहेत. पाचगणीजवळचे भिलार ४ मे २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते आणि तेथील पुस्तके गावकऱ्यांच्या घरांतच मांडलेली आहेत. मुलाला चित्र दाखवून घरी आल्यावर त्यातले काय आठवते ते काढावयास सांगणे, हा खर्चाचा नव्हे तर लक्ष देण्याचा उद्योग आहे.

शाळांनी या बाबतीत घरांच्या पुढे पाऊल टाकले आहे. सातारा तालुक्यातील कुमठे बीटच्या, म्हणजे शाळांच्या एका गटाच्या, जिल्हा परिषद शाळांत विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने ज्ञानरचनावादी पद्धत, म्हणजे मुलाने हाताळून, करून, आपले ज्ञान आपणच उभारण्याची पद्धत, रुजली. वर्गाच्या फरशीवर रंगाने आखलेल्या चौकटी, वर्तुळे आणि मार्ग, आणि त्यांवर खडे, चिंचोके, बाटल्यांची झाकणे यांनी चालणारी गणिते पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक तेथे आले. ओसरीवरच्या काचाकवड्यांच्या पटाचे ते शाळेतले पुनरागमनच होते. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी स्थापन केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेने वाचन आणि कला यांना शिक्षणाच्या मध्यभागी आणले. २०२४ साली शासनाने पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम सुरू केला. तो घरच्या रविवारशी जोडला गेला नाही तर त्याचा परिणाम अर्धाच राहील.

आणि घराच्या बाजूने सर्वांत धीट पाऊल टाकले ते सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्याच्या मोहित्यांचे वडगाव या गावाने. २०२२ सालच्या स्वातंत्र्यदिनापासून तेथे संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला, आणि तो वाजला की घराघरांतील दूरचित्रवाणी संच आणि मोबाइल बंद, आणि साडेआठला दुसरा भोंगा वाजेपर्यंत मुलांनी अभ्यास-वाचन करावे व मोठ्यांनी एकमेकांशी बोलावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून अधिक पडदा दाखवू नये असे सुचविले होते. वडगावने पडदा बंद ठेवण्याची गोष्ट घराच्या इच्छाशक्तीवर न सोपवता गावाचा नियम केली, आणि तेच तिचे वैशिष्ट्य. एकट्या घराने फोन बाजूला ठेवला तर मूल शेजारच्या घरी जाते. सगळ्या आळीने ठेवला तर खेळगडी मिळतात.

हा सगळा विचार ज्यांना घर आणि सुट्टी आहे त्यांच्यापुरता आहे, हेही नोंदवले पाहिजे. याच दोन जिल्ह्यांच्या उसाच्या फडांवर दर हंगामात तोडणी मजुरांची बिऱ्हाडे उतरतात आणि त्यांच्या मुलांना शनिवार-रविवार नसतो; कारखान्यांच्या साखरशाळांत आणि वस्त्यांवर या पटांचे, मातीचे आणि बाहुल्यांचे खेळ पोहोचविणे हे सुट्टी असलेल्या घरांना सहज जमण्यासारखे काम आहे, कारण या खेळांना साहित्याचा खर्च जवळजवळ नाही.

खेळांच्या निवडीबद्दल निर्णय द्यावयाचा तर तो असा : ज्यात घरातले सर्वांत लहान आणि सर्वांत वृद्ध माणूस एकाच बाजूला किंवा समोरासमोर बसू शकेल तो खेळ आधी घ्यावा, म्हणून बुद्धिबळाआधी काचाकवड्या, चित्रकलेच्या विकतच्या संचाआधी माती; आणि आठवड्यातून एकदा तरी फुगडी किंवा सोंग यांपैकी एक असावे. काचाकवड्यांचे आणि हादग्याचे नियम मात्र अजूनही बव्हंशी माणसांच्या आठवणीतच आहेत आणि ते गावागणिक वेगळे आहेत. ज्या घरात सत्तरीच्या पुढची माणसे आहेत त्यांनी येत्या रविवारी त्यांच्याकडून पट आखून घ्यावा, एक डाव पुरता खेळावा आणि नियम वहीत उतरवून घ्यावेत. खाली गावाचे नाव, सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख अवश्य लिहावी.